फणस आधी, रेसिपी नंतर!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभरातल्या घरांत एक पदार्थ धडाधड तयार झाला... बनाना ब्रेड! आपल्याकडेही झाला. यीस्ट लागत नाही, पीठ मळायचं नाही, तासन्‌तास फुगायची वाट बघायची नाही. ढवळा, ओता, भाजा, संपलं! याच फॅमिलीला इंग्रजीत ‘क्विक ब्रेड’ म्हणतात. तेव्हापासून सुट्टीत घरी गेलेला प्रत्येक जण एकदा तरी हा उद्योग करतोच. पण दरवेळी केळंच का? तेही ऐन मे-जूनमध्ये, परसात फणस पिकून पडत असताना? माझा मुद्दा एवढाच आहे.

आता थोडा इतिहास, कारण त्यात आपल्या ब्रँचवाल्यांना आवडेल असा एक फंडा आहे. अमेरिकेत ३१ जुलै १७९० ला दिलं गेलेलं पहिलंवहिलं पेटंट सॅम्युएल हॉपकिन्स यांचं. कशाचं? लाकडाच्या राखेपासून पोटॅश आणि पर्लअॅश बनवण्याच्या पद्धतीचं! हीच पर्लअॅश तिकडच्या बायका पीठ फुगवायला वापरू लागल्या. १७९६ साली निघालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात तिच्या कृती सापडतात. पुढे खायचा सोडा आला, मग बेकिंग पावडर आली. सोडा हाताशी आल्यावर त्या लोकांनी जे पिकेल ते पिठात ढकललं. सफरचंद, भोपळा, क्रॅनबेरी! केळं तर तिकडे बोटीने जायचं. बनाना ब्रेड घराघरांत रुळला तो १९३० च्या दशकात. म्हणजे या पदार्थाचा मूळ नियम ‘हातात असेल ते फळ वापरा’ हा आहे. आपण मात्र नियम सोडून फक्त केळं उचललं. दुसऱ्याचं जर्नल कॉपी करताना ‘ऑब्झर्व्हेशन’च्या रीडिंगसकट उतरवतात ना, तसं!

आणि खरं सांगायचं तर हा नियम आपल्या आज्यांना कुणी शिकवावा लागला नव्हता. कोकणात बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ आणि नारळाचं दूध एकत्र करून वाफवतात, ते सांदण. पावसाळ्यात मोठं पिकलेलं तवसं किसून, गूळ-रवा घालून भाजतात, ते धोंडस. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ‘बेकिंग’ हा शब्द मला आधी भेटला आणि ‘धोंडस’ बऱ्याच नंतर. पण धोंडस भाजायची जुनी पद्धत बघा. भांडं चुलीवर, वर झाकण, आणि झाकणावरही निखारे! म्हणजे खालून आणि वरून दोन्हीकडून हीट. आपण कुकरमध्ये मीठ घालून केक करतो तेव्हा तो खालून करपतो आणि वरून पांढराफटक राहतो, कारण वरून उष्णताच नसते. हा हीट ट्रान्सफरचा प्रॉब्लेम आपल्या पणज्यांनी व्हायवा न देता सोडवला होता.

मग फणसाचा क्विक ब्रेड करायचा कसा? प्रमाण सांगते. बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून काढलेला रस २०० ग्रॅम, गव्हाचं पीठ किंवा मैदा २०० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, आंबटसर दही १०० ग्रॅम, पातळ केलेलं तूप किंवा तेल ७५ ग्रॅम, अर्धा छोटा चमचा सोडा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. ओलं एकीकडे, कोरडं एकीकडे. मग दोन्ही एकत्र करून पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचं आणि लगेच १८० डिग्री तापलेल्या ओव्हनमध्ये. पाऊण तासानंतर सुरी खुपसून बघायची, कोरडी निघाली की झालं.

आता ‘का’ ते बघू, कारण तेच महत्त्वाचं. सोड्याला अॅसिड लागतं, ते दह्यातून मिळतं. दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो, म्हणून लगेच भाजायचं. मिश्रण तासभर ठेवून गप्पा मारल्यात तर गॅस उडून जाईल आणि हातात वीट येईल. सोडा जास्त झाला तर न वापरलेला उरतो आणि साबणाची चव येते. (पिवळा रंग यावा म्हणून कुणी हळद घातली, तर जास्तीच्या सोड्याने ती लाल होईल. फुकटात इंडिकेटर!) जास्त ढवळलं की गव्हातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि ब्रेड चिवट होतो. तांदळाच्या रव्यात ग्लुटेन नसतं, म्हणून सांदणाला ही भीतीच नाही. आणि प्रत्येक फणसाचा रस सारखा नसतो. एक घट्ट, एक पाण्यासारखा. तेव्हा दही थोडं कमी-जास्त करावं लागणारच. छापील रेसिपी हे सांगू शकत नाही, कारण तिने तुमचा फणस पाहिलेला नाही! एवढं कळलं की मेमध्ये आंबा, पावसाळ्यात तवसं, हिवाळ्यात पेरू, काहीही घाला.

एखादी म्हणेल, एवढ्या खटपटीपेक्षा बेकरीतून आणू की. जरूर आणा. पण बऱ्याच ठिकाणचा ‘मँगो केक’ बाराही महिने एकाच चवीचा लागतो, कारण तो वास बाटलीतला असतो. आंबा मात्र बारा महिने नसतो.

आणि इकडे बरका फणस? कापा निदान बाजारात जातो. बरका मऊ, लिबलिबीत, टिकत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी. बरेचसे झाडाखालीच फुटतात आणि माश्यांचे होतात. केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ केलं. आपल्याकडे पिकून पडलेल्या फणसाचं काय करायचं हे माहीत असलेली पिढी म्हातारी होत चाललीय, आणि तिचं प्रमाण कुठल्याच कपात लिहिलेलं नाही. ती ‘अंदाजाने’ घालते. तो अंदाज शेजारी उभं राहूनच शिकता येतो.

रूमवर कॉइल पेटवा असं मी मुळीच म्हणत नाहीये, रेक्टर सर! वायरिंगला तो लोड झेपत नाही, ती बंदी योग्यच आहे. पण मेसमध्ये इडलीपात्र आहेच. सांदणाला ओव्हन लागत नाही, फक्त वाफ लागते. म्हणून मेस कमिटीला माझी जाहीर विनंती : फणसाच्या सीझनमध्ये एका रविवारच्या फीस्टला गुलाबजाम रद्द करा आणि सांदण ठेवा. कोकणातली मुलं-मुली घरून येताना रस आणतील, बाकीच्यांनी चाळणीवर घासायला आणि ढवळायला उभं राहायचं. आठळ्या उकडून मीठ लावून संध्याकाळी खाऊ. आणि यंदा सुट्टीत घरी गेलात की बनाना ब्रेड करण्याआधी आजीला एवढंच विचारा, ‘आत्ता काय पिकलंय?’