जुन्या लेथची हरवलेली मापे

इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये हेकमंडवाइक नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या टी. एस. हॅरिसन अँड सन्स या कारखान्याने लाकूड कातण्यासाठी बनवलेला ‘ग्रॅज्युएट’ हा लेथ ब्रिटनमधल्या कितीतरी शाळांच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षे फिरला. पुढे तोच ‘युनियन ग्रॅज्युएट’ या नावाने विकला गेला. शाळांतले लाकूडकामाचे वर्ग आटत गेले तशी ही यंत्रे बाहेर पडली, आणि आज व्यावसायिक कातारीही नव्या यंत्राऐवजी ती शोधत असतात. हेडस्टॉकखालचा खांब अख्खा बिडाचा, मोटर त्याच्या पोटात आणि वजन असे, की वेडावाकडा ओंडका चढवला तरी यंत्र थरथरत नाही.

अशा लेथचा सौदा ठरू लागला की पहिली शंका निघते ती पार्टची. कंपनी बंद, माल जुना, काही मिळायचे नाही, असे भंगारवाल्यापासून जाणत्या टर्नरपर्यंत सगळेच सांगतात. पण बरेचसे पार्ट आजही दुकानात आहेत. फक्त ते मूळ कंपनीच्या नावाने मागून उपयोग नसतो. बेअरिंगच्या कडेवरचा आकडा वाचता आला की काम सोपे होते. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, मग बेअरिंग कोणत्याही कंपनीचे असो. ब्रिटिश यंत्रातून इंची बेअरिंग निघाले तर दुकानदार मान हलवतो, पण ‘एलजे १’ असा शिक्का असलेले एक इंची बेअरिंग आजच्या यादीत ‘आरएलएस ८’ म्हणून सापडते. त्याचा बाहेरचा व्यास ५७.१५ आणि जाडी १५.८७५ मिलिमीटर. टेलस्टॉकमध्ये मोर्स टेपर क्रमांक २ असेल, म्हणजे मोठ्या तोंडाला १७.७८ मिलिमीटर, तर त्याचे लाइव्ह सेंटर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत विनासायास मिळेल. पुली दोन बेअरिंगच्या मध्ये असली की अखंड बेल्ट घालायला स्पिंडल बाहेर काढावा लागतो. तिथे दुवे जोडून बनणारा लिंक बेल्ट वापरला तर स्पिंडलला हात लावायची वेळच येत नाही.

खरी अडचण असते ती त्या यंत्रापुरत्याच बनलेल्या पार्टची. बॅंजो (टूलरेस्ट बेडवर धरणारा भाग), टूलरेस्ट, टेलस्टॉकचे हँडव्हील, आवळायचे दांडे हे सुटे होऊन कुठेतरी पडतात आणि यंत्र त्यांच्याविना विकायला येते. मायफोर्डच्या एमएल ८ चा बेड जाड गोल सळईचा आहे. त्याचा बॅंजो हरवला तर सपाट बेडच्या कुठल्याही लेथचा बॅंजो तिथे बसणार नाही. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधला मायफोर्डचा कारखाना २०११ मध्ये बंद पडला. नाव आरडीजी टूल्सने विकत घेतले आणि मायफोर्डच्या धातूकामाच्या लेथचे पार्ट येत राहिले. लाकूडकामाच्या लेथचे गिऱ्हाईक मात्र मुळातच थोडे. अमेरिकेच्या डेल्टा-रॉकवेल लेथच्या बऱ्याच पुली जस्ताच्या मिश्रधातूच्या, झमॅकच्या, असतात. त्या काठाला तडकतात, आणि ओढून काढायला गेले की तुकडे हातात येतात. म्हणून यंत्राची किंमत रंगावर आणि गंजावर ठरवू नये. काय काय गायब आहे आणि काय तडकले आहे, त्यावर ठरवावी. गंज निघतो. धुण्याच्या सोड्याचे पाणी, १२ व्होल्टचा चार्जर, ऋण टोक पार्टला आणि धन टोक टाकाऊ लोखंडाला, एवढ्यावर काम होते. हे उघड्यावर करावे, धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, आणि झमॅकचा किंवा ॲल्युमिनियमचा पार्ट त्या पाण्यात टाकू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो कोरडा घासणेही धोक्याचे.

स्पिंडलच्या आट्यांबाबत मात्र घाई नडते. ग्रॅज्युएटच्या स्पिंडलचे आटे दीड इंच व्यासाचे, इंचाला सहा. अमेरिकन यूएनसी पद्धतीतही दीड इंचाला सहाच आटे येतात. व्हर्नियर आणि पट्टी लावली तर दोन्ही सारखे दिसतील. पण ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकन आट्याचा ६०. चुकीचा चक दोन फेऱ्यांत अडकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सैल बसतो आणि कामात डगमगतो. नवा चक एम ३३ × ३.५ चा आहे म्हणून जुना स्पिंडल कातून घेणारेही आहेत. हे करू नये. बहुतेक चांगल्या चकना बदलता इन्सर्ट असतो, तो योग्य आट्यांचा घ्यावा. ॲडॅप्टर लावायचाच असेल तर आखूड लावावा, कारण चक जितका बाहेर येईल तितका बेअरिंगवर ताण वाढतो.

मोटरचा विषय थोडक्यात. तीन फेजची मोटर आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारा, मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी ही जोडी जुन्या लेथला फार शोभते. आपल्याकडच्या लहान मोटरचे वाइंडिंग बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेले असते. २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर ते डेल्टामध्ये आणावे लागते, आणि आत तीनच वायरी निघाल्या तर रिवाइंडिंगवाल्याकडून स्टारचे टोक सोडवून घ्यावे लागते. पुलीच्या पायऱ्या तशाच राहू द्याव्यात, कारण व्हीएफडीवर वेग उतरवला तर ताकद वाढत नाही, पुलीवर उतरवला तर वाढते. आणि आट्यांवर बसणारा चक उलट फिरवला किंवा झटक्यात थांबवला तर सुटून अंगावर येऊ शकतो, हे नव्या माणसाला आधी सांगावे.

आता हरवलेल्या बॅंजोकडे. महाराष्ट्रातल्या कारागिराला इथे जी सोय आहे ती फार थोड्यांना असेल. कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावला बीड ओतणाऱ्या फाउंड्री आहेत, आणि पॅटर्न बनवणारे हातही. दुसऱ्याचा बॅंजो उसना आणून थेट त्याचाच साचा घेतला तर ओतलेला पार्ट लहान निघतो, कारण करडे बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसते. ३०० मिलिमीटरच्या पार्टला पॅटर्न ३०३ चा हवा. जिथे मशीनिंग होणार त्या तोंडावर आणखी तीनेक मिलिमीटर जाडी ठेवायची, आणि पॅटर्न वाळूतून भिंत न ढासळता निघावा म्हणून बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा. आक्रसण्याचा हिशेब आधीच धरलेली वेगळी पट्टी पॅटर्नमेकर वापरतात. लेस्टरच्या वाडकिनने आणि अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सच्या ऑलिव्हरने अवजड लेथ बनवले ते याच पॅटर्नमेकरांसाठी. प्लेट कापून वेल्डिंग केलेला बॅंजोही चालतो, पण थरथर जिरवण्यात बीड सरस. टूलरेस्टची वरची कड मात्र कठीण केलेल्या पोलादी सळईची हवी. बिडावर गाउजचे ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी हत्यार तिथेच अडखळते.

प्रत्येक कारागीर हा खटाटोप एकट्याने करतो आणि मापे त्याच्या वहीत राहतात. तोच पार्ट दुसऱ्या जिल्ह्यात कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून मोजत बसतो. फाउंड्री आहेत, टर्नर आहेत, बेअरिंगवाले आहेत. नसतो तो आराखडा. म्हणून पुढच्या अंकापासून जुन्या लेथच्या पार्टची मापपत्रके या मासिकात छापली जातील, आणि वाचकांनी ती पाठवावीत. यंत्राचे नाव, मॉडेल आणि बेडवरचा क्रमांक, सेंटरची उंची, बेडमधल्या फटीची रुंदी, टूलरेस्टच्या दांड्याचा व्यास, टेपर, आट्यांचा व्यास, संख्या आणि कोन, एवढे हवेच. माप मूळ पार्टचे आहे की पॅटर्नचे, हे स्पष्ट लिहावे, नाहीतर एक टक्का दोनदा धरला जाईल. छायाचित्र असेल तर पार्टशेजारी पट्टी ठेवून, आणि आट्यांचे असेल तर पिच गेज लावून काढलेले पाठवावे.