कामगाराचा रविवार आणि चित्रकलेचा वर्ग

१० जून १८९० ही तारीख आपल्या अभ्यासवर्गांतून वारंवार सांगितली जाते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेल्या झगड्याला यश येऊन मुंबईच्या गिरणीमालकांनी त्या दिवशी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. ही सुटी कशी मिळाली याचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. मिळालेल्या रविवाराचे पुढे काय व्हावे, याचा विचार मात्र आपण जवळजवळ सोडून दिला आहे. पगार, बोनस, बडतर्फी यांविषयी आपल्या अधिवेशनांत ठरावांना तोटा नसतो. कामगाराच्या मोकळ्या वेळेविषयी एखादा ठराव झाल्याचे मला तरी स्मरत नाही. तो वेळ बाजाराने केव्हाच उचलला. बाजार त्याचे काय करतो हे कोणत्याही बसथांब्यावर हातातल्या पडद्यात मान घालून बसलेली माणसे पाहिली म्हणजे कळते.

लोखंडे ज्या परंपरेतून आले तिच्यात मोकळा वेळ आणि शिक्षण यांची अशी फारकत नव्हती. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. योगायोग असा की, त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये श्रमिकांसाठी एक महाविद्यालय निघाले आणि तेथे संध्याकाळी कारागिरांना रेखाटन शिकविण्यास जॉन रस्किन जाऊ लागला. हा तोच रस्किन, ज्याच्या ‘अन्टु धिस लास्ट’चा सारांश गांधीजींनी १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत दिला. त्याचे अर्थशास्त्रावरचे लेखन आपण अधूनमधून आठवतो; तो सुतारांच्या शेजारी बसून त्यांना झाडाची फांदी काढावयास शिकवीत असे, हे विसरतो. १८५७ मध्ये एका सरकारी चौकशी मंडळापुढे त्याने आपली भूमिका स्पष्ट केली होती. सुताराला चित्रकार करणे हा त्याचा हेतू नव्हता. सुतार राहूनच त्याने अधिक सुखी व्हावे, एवढेच त्याला हवे होते.

हे आज लिहिण्याचे निमित्त असे. छत्रपती संभाजीनगरात एका चित्रकाराच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, रविवारी सकाळी प्रौढांसाठी रेखाटनाचा वर्ग भरतो. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविल्यानंतर, निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी मी त्यात नाव नोंदविले. पंधरासोळा माणसे येतात. वाळूजच्या कारखान्यातील एक टर्नर आहे, एक निवृत्त परिचारिका आहे, दोघीतिघी गृहिणी आहेत, ठेकेदाराकडे हिशेब लिहिणारा एक तरुण आहे. पहिले दोन महिने आम्ही तांब्याखेरीज काही काढले नाही. तांब्याचे तोंड गोल असते हे सर्वांना ठाऊक असते, आणि हे ठाऊक असणे हीच अडचण होऊन बसते. बसल्या जागेवरून ते गोल दिसत नाही, चपटे दिसते. नवशिक्याचा हात डोळ्यांपुढचे न काढता डोक्यातले काढतो, आणि तांब्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंना मासोळीसारखी टोके येतात. टर्नरच्या तांब्याला ती आली नाहीत. “सर, गोलाला कोपरा येईलच कसा? हत्यार कुठे थांबतच नाही,” असे तो सहज बोलून गेला. वीस वर्षे लेथवर पोलाद कापताना त्याच्या हाताने जे शिकले होते, त्याला कागदावर प्रथमच विचारणा झाली होती. त्याच्या कारखान्यात या ज्ञानाला तासाचा दर आहे, मान नाही.

प्रत्यक्ष वर्गाचा आग्रह जुन्या खोडांनाच असतो, सर्व काही घरबसल्या पडद्यावर शिकता येते, असे आता सांगितले जाते. माहिती मिळविण्यापुरते ते खरेही आहे. परंतु एकाच टेबलावरील तांब्याभोवती सोळा स्टुले मांडली की सोळा निरनिराळे तांबे तयार होतात. माझा तांब्या परिचारिकेच्या तांब्याहून वेगळा असतो, कारण ती खिडकीच्या बाजूला बसते आणि तिच्या बाजूची सावली अरुंद पडते. शिक्षकाला माझी आकृती तपासावयाची झाल्यास मला उठवून माझ्याच स्टुलावर बसावे लागते, माझ्याच उंचीवर डोळा आणावा लागतो, हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यावे लागते. एवढे झाल्यावर ते एक शब्द बोलतात, पुष्कळदा तोही नाही. दुसऱ्याच्या जागी बसून त्याला काय दिसते ते पाहावे, हे राजकीय कार्यकर्त्यालाही शिकण्यासारखे आहे. पण ते असो. तासाच्या अखेरीस सोळाही फळ्या भिंतीला टेकवून ओळीने लावल्या जातात. टर्नर आणि प्राध्यापक यांची कामे शेजारी शेजारी उभी राहतात आणि त्यांवर सर्वांनी बोलावयाचे असते. आपल्या गावात अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

आता थोडे अर्थशास्त्र. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगभूमी आणि संगीत यांच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे साधे होते. कापड विणण्यास लागणारे मनुष्यतास यंत्रामुळे घटतात, पण चार वादकांची एक रचना वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागत असे, तेवढाच आजही लागतो. इतर धंद्यांतील वेतन वाढले की या वादकांचेही वाढवावे लागते. उत्पादकता मात्र वाढत नाही. म्हणून अशा कामांचा सापेक्ष खर्च चढत जातो, आणि हा काही कोणाच्या ढिलाईचा परिणाम नव्हे. चित्रकलेच्या वर्गाला हा नियम तंतोतंत लागू पडतो. एक शिक्षक एका सकाळी सोळा स्टुलांवर बसून पाहू शकतो, साठांवर नाही. हा वर्ग निव्वळ बाजारावर सोपविला तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: फी वाढत जाऊन तो सुखवस्तूंचा छंद होणे, किंवा शिक्षक काढून टाकून त्याच्या जागी चित्रफीत आणणे. दोन्ही वाटांवर टर्नर गळतो. आमच्या वर्गाची फी माझ्या निवृत्तिवेतनाला जाणवत नाही. त्याला ती जाणवते. तीन महिने तो आला नाही, तेव्हा कारण कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

शासन या व्यवहाराकडे कसे पाहते, हे करांच्या कायद्यावरून समजते. कला आणि संस्कृतीविषयक ‘मनोरंजनात्मक’ प्रशिक्षणाला वस्तू व सेवा करातून जी सूट होती, ती जुलै २०२२ पासून एकट्या व्यक्तीने चालविलेल्या वर्गापुरती मर्यादित करण्यात आली. कामगारांनी एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर असा वर्ग उभा केला आणि तो पुरेसा वाढला, तर तो करपात्र ठरावयाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये पेन्सिल, खडू आणि कोळशाच्या कांड्या यांवरील कर शून्यावर आणला गेला, याचे श्रेय अवश्य द्यावे. पेन्सिल करमुक्त झाली खरी, पण प्रौढाने ती हाती धरणे कायद्याच्या दृष्टीने अजून करमणूकच आहे.

प्रौढ शिक्षणाचा आपला स्वतःचा इतिहासही येथे आठवावा. समाजवादी पक्ष ज्यात विलीन झाला होता, त्या जनता पक्षाच्या सरकारने २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. दहा कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचण्याचे ध्येय होते, आणि वयोगट १५ ते ३५ असा धरला होता. साधने तुटपुंजी असताना तसे करण्यामागे तर्क होता. परंतु उत्पादनक्षम वयाच्या पलीकडे शिकणे वाया जाते, ही समजूत त्या आकड्यातून आपल्याही अंगी मुरली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रौढांच्या निरंतर शिक्षणात कला, संस्कृती आणि विज्ञान यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धोरणाच्या अन्य अंगांशी आपले मतभेद असले तरी हे वाक्य आपल्या उपयोगाचे आहे. ते वाक्य घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत किंवा महापालिकेत कोणी गेले आहे काय?

या शहरात तर तसे जावयास विशेष कारण आहे. येथून शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल तेथील चित्रांच्या नकला करीत राहिला. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत राहून, भिंतीसमोर उभे राहून नकला उतरविल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्या सरकारी खर्चाने झाल्या, विलायतेस गेल्या आणि त्यांतील बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. मुलांचे हात मात्र तयार झाले. ते कोणाला जाळता आले नाहीत. अजिंठ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला त्या भिंतीसमोर पेन्सिल घेऊन बसविण्याची योजना मात्र कोणत्याही सरकारने केल्याचे ऐकिवात नाही. त्याच्या वाट्याला तेथे चहाचे दुकान किंवा दगडांची विक्री आली.

यावर आपल्यातीलच काही मित्र विचारतील की, नळाच्या पाण्यासाठी ज्या शहराने वर्षानुवर्षे दिवस मोजले, जेथे पदवीधर तरुण वाळूजला कंत्राटावर राबतात, तेथे ही चित्रकला कोठून काढलीत? प्रश्न प्रामाणिक आहे. गरजांची ही उतरंड मीही वर्गात फळ्यावर काढली आहे: आधी पाणी, मग भाकरी, मग निवारा, आणि सर्वांत वर, असलेच तर, सौंदर्य. परंतु ही उतरंड गरिबाने काढलेली नाही. आमच्या भागातील कुडाच्या घराच्या दारातही रांगोळी असते, आणि हिमरूचा विणकर अर्धपोटी असतानाही नक्षी चुकू देत नसे. पाण्याची मागणी सोडा, असे कोणी म्हणत नाही. पाणी मिळेपर्यंत माणसाने डोळे मिटून बसावे, हे मान्य करण्याचे कारण मला दिसत नाही.

अधिक गंभीर अडथळा वेळेचा आहे. जॉन मेनार्ड केन्सने १९३० मध्ये भाकीत केले होते की, शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि माणसापुढे मोकळ्या वेळेचे काय करावे हा प्रश्न उभा राहील. शंभर वर्षे भरत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच राहणार, असा खुलासा केला जातो. ज्यांनी पाळीचे काम केले आहे त्यांना या खुलाशाची किंमत ठाऊक आहे. बारा तास यंत्रापुढे आणि दोन तास बसमध्ये घालविलेल्या माणसाचा रविवार झोपेतच जातो, आणि लोखंड्यांनी मिळविलेली सुटी न काढताही काढून घेतली जाते. बाईचा प्रश्न याहून बिकट आहे. तिला १८९० चा करार अद्याप लागूच झालेला नाही. आमच्या वर्गातील गृहिणी स्वयंपाक उरकून येतात आणि साडेअकराच्या ठोक्याला सर्वांआधी उठतात. त्यांची स्थिरचित्रे बहुधा सावलीविना राहतात, कारण सावली शेवटी भरावयाची असते.

मागणी म्हणून काय मांडावयाचे, ते अवघड नाही. मुंबई-नागपूरबरोबर ज्या मोजक्या शहरांना शासनाचे कलामहाविद्यालय लाभले, त्यांत आमचे शहर आहे. चित्रशाळा म्हणजे उजेडाची खोली, फळ्या, स्टुले आणि मांडणीच्या वस्तू. हा सर्व खर्च एकदा होऊन गेलेला असतो, आणि जी खोली रविवारी कुलपात असते ती चार तास उघडण्याचा वाढीव खर्च एका शिक्षकाचे मानधन आणि एका शिपायाची पाळी एवढाच येतो. महापालिकेच्या शाळांबाबतही तेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने उच्च प्राथमिक शाळेतील कलाशिक्षकाला अंशकालीन निदेशक करून ठेवले. निवृत्त झालेले जुने चित्रकला शिक्षक गल्लोगल्ली आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांत पिढ्यान् पिढ्या मुले तयार केलेले हे लोक बोलाविण्याची वाट पाहत आहेत.

आणि बोलावणे सरकारकडूनच यावे असेही नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाणे आणि नाट्य कार्यकर्त्याच्या हाती दिले; चित्र मात्र आपण एखाद्या पेंटरवर सोपविले. निदान तो पेंटर तरी होता. रात्री कंदिलाच्या उजेडात गेरू कालवून भिंती रंगविणारा, ‘स’चा डौल सांभाळणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात असे. त्याची जागा फ्लेक्सने घेतली, आणि आता आपल्याही सभांचे फलक शेजारच्या पक्षाच्या फलकासारखेच दिसतात, मुखवटे तेवढे वेगळे.

आपल्या युनियनच्या कचेरीचे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. उत्तरेला दोन खिडक्या आहेत, उजेड चांगला आहे. टर्नरशी मी बोललो आहे. त्याची अडचण एवढीच की पाळी दर आठवड्याला फिरते. रात्रपाळी संपवून आलेल्यांसाठी वर्ग नऊऐवजी अकराला ठेवावा लागेल, आणि त्या वेळेला बायकांना जमेल का, हे त्यांना विचारूनच ठरवावे, असे त्याचे म्हणणे आहे.