कराराचे विमान आणि कारागिराचे विमान

विमान हा श्रीमंतांचा विषय. कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्यात लक्ष कशाला घालावे, असे म्हणणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत. शंका प्रामाणिक आहे. पण तिला विमानाचे तिकीट दिसते, विमानामागचे श्रम दिसत नाहीत. घरी बांधलेले एक आसनी हलके विमान म्हणजे पत्रा, रिव्हेट, इंजिन आणि हजारो तासांचे हातकाम. जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींतील फिटर-टर्नरांना हे काम परके नाही.

धुळ्याने तर त्याचा पुरावाच पाहिला आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर, कुटुंबाच्या पदराला खार लावून, सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मिरवले गेले. नोंदणी मात्र झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. मधल्या काळात, २०१८ मध्ये, राज्य सरकारने पालघर येथील कारखान्यासाठी ३५,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार करून टाकला होता! कौतुकाला आणि कराराला विलंब लागला नाही. विलंब लागला तो परवान्याला.

तपासणीच नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा बळी गेला, हे खानदेश विसरलेला नाही. तपासणी कडकच हवी. परंतु तपासणी म्हणजे ताटकळवणे नव्हे. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानात निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्यांनीच शिक्षणासाठी वा छंदासाठी केलेले असावे लागते. सुरुवातीची चाचणी उड्डाणे ठरवून दिलेल्या क्षेत्रातच करावी लागतात. भाड्याने उतारू नेता येत नाहीत. अटी कठोर आहेत, पण त्या आधीच ठाऊक असतात. भांडवलशाहीच्या माहेरघरी सामान्य माणसाला जी वाट आखून मिळते, ती संविधानाच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ म्हणवणाऱ्या देशात का मिळू नये?

जळगावहून डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली प्रवासी सेवा सुरू झाली. या योजनेत ठरावीक आसनांवरील तूट भरून काढण्यासाठी कंपन्यांना अर्थसाहाय्य मिळते. आसनाला आधार देणाऱ्या धोरणाने कारागिराच्या हातालाही तो द्यावा, ही मागणी अवाजवी कशी?

म्हणून मागणी नेमकी असावी. धुळे व जळगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना जोडून सार्वजनिक कार्यशाळा उभारावी. तेथे बांधणीच्या प्रत्येक टप्प्यावर सरकारी निरीक्षकाने तपासणी करावी. अर्जाचा निर्णय ठरलेल्या मुदतीत, कारणांसह लेखी द्यावा. धावपट्टी जनतेच्या पैशाची आहे. तिच्यावर जनतेच्या हातांचाही हक्क आहे.