रांगेत उभ्या माणसाचे हात का बांधायचे?

10 जुलै 2007 रोजी अमेरिकेच्या स्थलांतर सेवा विभागाचे तत्कालीन संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या वॉशिंग्टनमधील कार्यालयात शेकडो पुष्पगुच्छ येऊन पडले. पाठवणारे बहुतेक भारतीय होते आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत होते. त्या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनने जवळपास सर्व नोकरी-आधारित तारखा 'करंट' झाल्याचे, म्हणजे रांगेतल्या बहुतेकांना आता अर्ज करता येईल असे, जाहीर केले होते. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकल्या, फोटो काढले, भारतातून जन्मदाखले मागवले, आणि 2 जुलैला सरकारने शब्द फिरवला. 'लगे रहो मुन्नाभाई' हा चित्रपट आदल्याच वर्षी येऊन गेला होता. त्यातल्या गांधीगिरीच्या धर्तीवर संतापलेल्या लोकांनी शिव्यांऐवजी फुले पाठवली. गोन्झालेझ यांनी ती जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे वळवली. 17 जुलैला सरकारने माघार घेतली आणि अर्जांसाठी 17 ऑगस्टपर्यंत खिडकी उघडी ठेवली.

त्या महिनाभरात ज्यांचा आय-485, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा अखेरचा अर्ज, आत गेला, त्यांना काही लगेच ग्रीन कार्ड मिळाले नाही. दहा वर्षांनी, 2017 मध्ये, भारतीयांसाठी ईबी-3 या नोकरी-आधारित प्रवर्गाची रांग 2006 च्या आसपासच्या अर्जांवरच घुटमळत होती. पण त्यांच्या हाती ईएडी आले, म्हणजे काम करण्याचा तात्पुरता परवाना. नवरा-बायको दोघांनाही, आणि कोणत्याही मालकाकडे काम करण्याची मुभा देणारा. जे त्या खिडकीत पोहोचू शकले नाहीत, ते त्याच रांगेत त्याच कंपनीला बांधलेले राहिले आणि त्यांच्या बायका घरी बसल्या. दोघांच्या रांगेत फारसा फरक नव्हता, आयुष्यात मात्र जमीन-अस्मानाचा पडला.

या परवान्याविरुद्ध गेली दहा वर्षे जे आक्षेप घेतले जातात, ते नीट तपासायला हवेत. त्यातले काही वॉशिंग्टनमध्ये घेतले जातात, काही थेट आपल्या पुण्या-नागपुरातल्या दिवाणखान्यांत.

आधी वाद कशाबद्दल आहे ते पाहू. एच-1बी व्हिसावर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला एच-4 मिळतो. त्यावर राहता येते, शिकता येते, पण पगार घेता येत नाही. 26 मे 2015 पासून ओबामा प्रशासनाच्या नियमाने यातल्या एका गटाला ईएडी खुले झाले: ज्यांच्या जोडीदाराचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला अर्ज, मंजूर आहे किंवा ज्यांचा एच-1बी ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे सहा वर्षांपलीकडे वाढवलेला आहे. म्हणजे परवाना मिळतो तो ग्रीन कार्डाच्या वाटेवर बरेच अंतर चाललेल्या कुटुंबालाच. डिसेंबर 2017 पर्यंत पहिल्यांदा मंजूर झालेल्या 90,946 अर्जांपैकी 93 टक्के भारतात जन्मलेल्यांचे होते, आणि 93 टक्के स्त्रियांचे.

पहिला आक्षेप असा की या स्त्रिया अमेरिकनांच्या नोकऱ्या घेतात. एप्रिल 2015 मध्ये 'सेव्ह जॉब्ज यूएसए' ही संघटना हाच मुद्दा घेऊन न्यायालयात गेली. तिच्यामागे सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतले काढून टाकलेले आयटी कर्मचारी होते. त्यांचे दुःख खोटे नव्हते. आपल्या जागी येणाऱ्या कंत्राटी माणसांना स्वतःच शिकवून घरी जाणे हा अपमान कोणाच्याही जिव्हारी लागेल. पण त्यांच्या नोकऱ्या गेल्या त्या कंत्राटी पद्धतीमुळे, आणि तिथे वापरला गेलेला व्हिसा एच-1बी होता. हिशोब ईएडीच्या नावावर मांडणे हा पत्ता चुकलेला राग आहे. नियम करताना सरकारनेच अंदाज दिला होता की पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 1,79,600 जोडीदार पात्र ठरतील. अमेरिकेचे मनुष्यबळ तेव्हा सुमारे 15.7 कोटी होते, म्हणजे हजारात साधारण एक माणूस. शिवाय हे लोक ग्रीन कार्ड मिळाल्यावर काम करणारच आहेत, परवाना तो दिवस फक्त अलीकडे आणतो. जिल्हा न्यायालयाने मार्च 2023 मध्ये, अपील न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये सरकारची बाजू उचलून धरली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यासच नकार दिला.

पगार पडतात, हीही तक्रार असते. पण पगार पडतो तो माणूस एका मालकाला बांधलेला असला की. ईएडीवाली बाई उद्या दुसरीकडे जाऊ शकते, म्हणून तिला कमी पैशांत राबवणे अवघड जाते. अमेरिकन कामगाराला खरी भीती बांधलेल्या माणसाची असायला हवी.

दुसरा आक्षेप वरवर तर्कशुद्ध वाटतो: तात्पुरते म्हणून आलात, अटी ठाऊक होत्या, मग आता तक्रार कसली? याचे उत्तर खुद्द अमेरिकेच्या कायद्यात आहे. एच-1बीवर येतानाच स्थायिक होण्याचा इरादा बाळगता येतो, हे त्या कायद्याला मान्य आहे. ग्रीन कार्डाच्या नेहमीच्या वाटेवर कंपनीला आधी जाहिरात देऊन दाखवावे लागते की या कामाला पात्र अमेरिकन मिळाला नाही. त्यानंतर आय-140 मंजूर होतो. म्हणजे 'हा माणूस इथे कायमचा हवा आहे' हे मालकाने म्हटलेले असते आणि सरकारने मान्य केलेले असते. उरते ती फक्त जागा, आणि जागा नाहीत त्या कायद्यामुळे. 1990 च्या कायद्याने नोकरी-आधारित ग्रीन कार्डे वर्षाला 1,40,000 ठरवली आणि एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा घातली. भारतासाठी हे होतात सुमारे 9,800, आणि इतरांच्या न वापरलेल्या जागा उरल्या तरच जास्त. त्यातही बायको आणि मुले मोजली जातात. चौकोनी कुटुंबाला चार जागा लागतात.

म्हणूनच ऑक्टोबर 2025 च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतीयांसाठी ईबी-2 ची तारीख होती 1 एप्रिल 2013. साडेबारा वर्षांचे अंतर! जिला 'तात्पुरती' म्हणतात त्या बाईचा मुलगा एवढ्या काळात बालवाडीतून अकरावी-बारावीपर्यंत पोहोचतो. काँग्रेसनेच 2000 साली कायदा करून या रांगेतल्या माणसांचा एच-1बी सहा वर्षांपलीकडे वाढवायची सोय केली. राहा म्हणायचे, नोकरी करत राहा म्हणायचे, आणि घरातल्या दुसऱ्या कर्त्या माणसाला गप्प बसायला सांगायचे, हे कोणत्या तत्त्वात बसते? उलट एल-1 व्हिसावर, म्हणजे कंपनीच्याच बदलीवर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला अमेरिका काम करू देते. नोव्हेंबर 2021 पासून तर त्याला वेगळे ईएडीही लागत नाही. एकाच इमारतीत, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या दोन मराठी इंजिनिअरांच्या बायकांपैकी एक सोमवारी कामावर जाते, दुसरी जाऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला. 'नवरा कमावतोय ना चांगला, मग हिला कशाला हवी नोकरी?' आणि त्याचाच जुळा भाऊ: 'एवढा त्रास आहे तर परत या.' स्थळ पाहताना मुलगी इंजिनिअर हवी, फार्मसी केलेली हवी, आर्किटेक्ट असली तर उत्तम. तिच्या आईवडिलांनी शिक्षणात ओतलेला पैसा आणि तिने जागवलेल्या रात्री लग्नाच्या बायोडेटात मिरवायच्या, आणि विमानात बसल्यावर विसरायच्या, हे आपण किती सहज करतो. मेघना दमाणी स्वतः अशाच व्हिसावर गेल्या होत्या. त्यांनी 2007 मध्ये 'हार्ट्स सस्पेंडेड' हा माहितीपट करून या घुसमटीला वाचा फोडली. एमी भट्ट यांनी 2018 च्या 'हाय-टेक हाउसवाइव्ज' या पुस्तकात भारतीय आयटी कुटुंबांतल्या स्त्रियांचे हेच जगणे अभ्यासले. आणि प्रश्न केवळ मन रमवण्याचा नाही. स्वतःची मिळकत नसलेली, व्हिसाही नवऱ्याच्या नावावर अवलंबून असलेली बाई घरात मारहाण झाली तर कोणत्या बळावर बाहेर पडणार? परत येणे हा पर्याय आहेच, आणि अनेक जण तो आनंदाने घेतात. पण घेणाऱ्याने तो आपल्या मनाने घ्यावा. बायकोचे हात बांधून त्या दिशेला ढकलणे ही निवड होत नाही.

आता बाजू मांडायची ती परवान्याची, आणि तो पक्का करण्याची. हे कार्ड हातात घेऊन पाहावे. बँकेच्या कार्डाएवढे प्लास्टिक, त्यावर फोटो, बोटाचा ठसा, 'सी26' असा प्रवर्ग, कार्ड संपण्याची तारीख, आणि त्यावर पुनर्प्रवेश मिळणार नाही अशी सूचना. या एका तारखेवर घराचे वेळापत्रक चालते. वाहन परवान्याची मुदत बहुधा याच कागदपत्रांना जोडलेली असते. तारीख उलटली की कंपनीचे एचआर नवे कार्ड मागते, आणि नसेल तर दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नका म्हणते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या फार तर 180 दिवस आधी करता येतो, कागदी अर्जाचे शुल्क 520 डॉलर. निकालाला सहा महिन्यांहून जास्त लागले तर दोष अर्जदाराचा नसतो, नोकरी मात्र तिची जाते. यावरचा उतारा म्हणून अनेक प्रवर्गांना आपोआप मिळणारी 540 दिवसांपर्यंतची मुदतवाढ होती. एच-4 ला ती अधिकृत वास्तव्याच्या मुदतीपुरतीच मिळे, तरी आधार होता. 30 ऑक्टोबर 2025 पासून दाखल होणाऱ्या बहुतेक अर्जांसाठी ती बंद झाली. डिसेंबरमध्ये आय-485 वाल्यांच्या ईएडीची मुदतही पाच वर्षांवरून 18 महिन्यांवर आणली गेली. कारण दिले सुरक्षेच्या तपासणीचे. तपासणी जरूर व्हावी. पण जिचे बोटांचे ठसे सरकारकडे वर्षानुवर्षे आहेत, तिची तपासणी ती काम करत असतानाही होऊ शकते.

हे करून दाखवणारा देश शेजारीच आहे. कॅनडात परवाना संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज केला, तर निकाल येईपर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येते. कायम वास्तव्याचा अर्ज केलेल्या पात्र कामगारांसाठी तिथे 2012 पासून खास 'ब्रिजिंग' परवाना आहे. दोन मुक्कामांमधला पूल असे त्याचे नावच सांगते.

मागण्या तीन आहेत. पहिली, एच-4 चा कामाचा हक्क प्रशासनाच्या नियमात न ठेवता कायद्यात यावा. 2017 ते 2021 ही सारी वर्षे तो नियम रद्द होण्याची टांगती तलवार या घरांवर होती. 2022 मध्ये असे विधेयक मांडले गेले, पण ते पुढे सरकले नाही. दुसरी, वेळेत अर्ज केलेल्याचे काम निकाल लागेपर्यंत थांबू नये. तिसरी, जोडीदाराचा मृत्यू झाला तर हक्क त्याच्याबरोबर जाऊ नये. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅन्ससमधील ओलेथा येथे श्रीनिवास कुचीभोतला यांची वंशद्वेषातून हत्या झाली, तेव्हा पत्नी सुनयना दुमाला यांच्यावर वैधव्याबरोबर देशात राहण्याचा हक्क गमावण्याची पाळी आली. एका खासदाराने धावपळ केली म्हणून त्या राहू शकल्या. प्रत्येकीला खासदार भेटत नाही.

रांगेतल्या माणसाला मत नाही. पण अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांमध्ये आज नागरिक झालेली असंख्य कुटुंबे आहेत, ज्यांनी याच रांगेत एकेकाळी वर्षे काढली. त्यांना मत आहे, मतदारसंघ आहे, आपल्या काँग्रेस प्रतिनिधीचा पत्ता आहे. गणेशोत्सवात ज्या एच-4 वरच्या मैत्रिणीने शेजारी बसून मोदक वळले, तिच्यासाठी त्यांनी यंदा एक पत्र लिहावे.