महामार्ग पोलीस (महाराष्ट्र)

महामार्ग पोलीस हा महाराष्ट्र पोलीस दलाचा विभाग असून महामार्गांवरील गस्त, वाहतुकीचे नियमन आणि अपघातग्रस्तांना मदत ही त्याची प्रमुख कामे आहेत. त्याच्या ‘इंटरसेप्टर’ या गस्ती वाहनांत वेग मोजणारी स्पीड गन आणि मद्यपानाच्या तपासणीसाठी श्वास विश्लेषक यंत्र असते.

कायदेशीर आधार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा वाढल्या. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. याच दुरुस्तीतील कलम १३६अ नुसार महामार्गांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याची तरतूद झाली.

गस्त आणि कॅमेरे

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांद्वारे ई-चलन पाठवले जाते. कॅमेरा भरधाव वाहनाची नोंद करतो. परंतु चलन हाती पडेपर्यंत ते वाहन पुढे निघून गेलेले असते. मद्यपी किंवा पेंगुळलेला चालक मर्यादित वेगाने जात असल्यास वेगमापक कॅमेऱ्याला तो आढळत नाही. त्यासाठी वाहन थांबवून तपासणी करावी लागते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे प्राथमिक तपासात आढळले. मागील प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक करणारा नियम त्यापूर्वीच अस्तित्वात होता. त्याची अंमलबजावणी मात्र क्वचितच होत असे. त्यामुळे केवळ दंडाची रक्कम वाढवणे पुरेसे ठरत नाही. नियमभंग केल्यास वेळीच अडवले जाईल, ही खात्री चालकाला वाटणे अधिक महत्त्वाचे ठरते.