गाडीचा 'शॉकअप' बदलताना



माळव्याची काळी माती गव्हाला माउलीसारखी असली, तरी रस्त्यांची ती वैरीणच होय. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्या पाठीवरचे डांबर त्यासरशी तडकत जाते. इंदूरजवळ पीथमपूर येथे वेगवान वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरांचा गुळगुळीत लंबवर्तुळाकार मार्ग २०२१ साली खुला झाला खरा. परंतु आपली गाडी धावते ती गल्लीतल्या खड्ड्यांतून. तेव्हा १९८३ ते २०१४ या काळात निघालेली एखादी मारुती ८०० अद्याप आपल्या दारी असेल, तर तिचे पुढचे दोन स्ट्रट झिजले असल्यास नवल नाही.

आपले मिस्त्री त्यांना 'शॉकअप' म्हणतात. हा शब्द साहेबाला ठाऊक नाही, पण काम चोख करतो! वस्तुतः चाकाला पेलणारा खांब, धक्का शमविणारी तेलाची नळी आणि तिच्याभोवतीची वेटोळी स्प्रिंग यांचा तो एकच जुडगा असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही योजना. लंडनच्या १९५० सालच्या मोटार प्रदर्शनात आलेल्या फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांमुळे ती सर्वत्र पसरली. स्प्रिंग धक्का झेलते, पण एकदा दबली की उड्या मारीत राहते. नळीतील तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि त्या उड्या आवरते. नळीचे सील फाटून तेल पाझरू लागले की चाक रस्ता सोडून उसळते, आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. प्रश्न केवळ कंबरेच्या आरामाचा नाही, हे ध्यानात यावे.

हे काम घरी करता येते काय? पुष्कळसे येते. जमीन सपाट व टणक हवी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ओट लावावी, आणि गाडी जॅकवर उचलली की तिचा भार भक्कम स्टँडवर उतरवावा. विटांच्या चळतीवर तिला कदापि टेकवू नये. वीट सूचना न देता फुटते. चाक काढल्यावर ब्रेकची रबरी नळी स्ट्रटपासून सोडवून घ्यावी. हब तारेने वर बांधून ठेवावा, म्हणजे त्याचा भार त्या नळीवर अथवा ॲक्सलवर पडणार नाही. मग खालचे दोन बोल्ट आणि बॉनेटखालचे नट सोडविले की स्ट्रट हाती येतो.

येथे मात्र मी वाचकांचा हात धरून थांबवीन. स्ट्रटच्या माथ्यावर मधोमध एक मोठा नट असतो. चाक अधांतरी लोंबत असले तरी आतली स्प्रिंग दाबलेलीच असते आणि हा नटच तिला डांबून ठेवतो. ती आवळून धरल्यावाचून तो सोडविला, तर स्प्रिंग व माथा बंदुकीच्या गोळीसारखे उसळतात. हात मोडणे ही त्यातली सौम्य गोष्ट. दोरीने किंवा तारेने स्प्रिंग बांधून भागेल असे कोणी सुचविल्यास निःसंकोच नकार द्यावा. माझे मत विचाराल तर, अखंड स्ट्रट काढून तो ज्या गॅरेजात स्प्रिंग दाबण्याचे यंत्र आहे तेथे न्यावा, जुनी स्प्रिंग नव्या स्ट्रटवर तेथेच चढवून घ्यावी आणि जोडलेला जुडगा घरी आणून बसवावा. त्याची मजुरी इस्पितळाच्या बिलाहून खचित थोडी असते.

एकच बाजू बदलून पैसे वाचविण्याचा मोह टाळावा. एक चाक दबकत व दुसरे ताठ, अशी गाडी ब्रेक लावताना सरळ राहीलच असे नाही. माथ्याचे रबर व बेअरिंग खिळखिळे झाले असेल तर तेही त्याच वेळी बदलावे. मग पहिल्याच दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. नाहीतर चांगले टायर काही आठवड्यांतच एका कडेने खरवडून निघतील.