थिऑसफी जुनी कितपत?

मा. संपादक,


आपल्या गेल्या अंकातला थिऑसफीवरचा लेख वाचला. लेखकाने थिऑसॉफिकल सोसायटीच्या कामाचा गौरव केला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओघात त्यांनी असंही लिहून टाकलं आहे की वेद, इजिप्तचे पुरोहित, जरथुष्ट्र आणि बुद्ध या सगळ्यांच्या मुळाशी असलेलं एकच गुह्य ज्ञान थिऑसफीने जगापुढे आणलं. 'सत्यान्नास्ति परो धर्मः' हे ज्या संस्थेचं ब्रीद, तिच्याबद्दलचं एवढं मोठं विधान न तपासता सोडणं बरं नव्हे.

चमत्कारांचा विषय मी मुद्दामच बाजूला ठेवतो. मद्रासमधल्या अड्यारच्या बंगल्यात भिंतीला लावलेलं ते कपाट, त्यात येणारी महात्म्यांची, म्हणजे तिबेटातल्या गुप्त गुरूंची, पत्रं, कुलोम्ब नवराबायकोने केलेले आरोप, १८८५ चा हॉजसनचा अहवाल यांवर आजवर भरपूर शाई खर्ची पडली आहे. हॉजसनने तर सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मादाम ब्लाव्हाट्स्कींना रशियाची हेर ठरवलं होतं. पुढे १९८६ मध्ये व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनला ज्या संशोधन संस्थेने पाठवलं होतं तिच्याच नियतकालिकात त्या अहवालाची चिरफाड केली. बाई लबाड ठरोत की निर्दोष, त्यांची शिकवण प्राचीन आहे की नाही हा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

पुनर्जन्माचंच घ्या. आज थिऑसफी म्हटलं की कर्म आणि पुनर्जन्म आधी आठवतात. पण सोसायटी स्थापन झाली १८७५ मध्ये न्यूयॉर्कला, आणि बाईंचा पहिला मोठा ग्रंथ 'आयसिस अनव्हेल्ड' आला १८७७ मध्ये. त्यात त्या लिहितात की त्याच जिवाने याच पृथ्वीवर पुन्हा जन्म घेणं हा निसर्गाचा नियम नव्हे, अपवाद आहे. त्या ग्रंथात माणसाचे भागही तीनच आहेत: देह, जीव आणि आत्मा. फेब्रुवारी १८७९ मध्ये बाई आणि त्यांचे सहसंस्थापक कर्नल ऑल्कॉट मुंबईला उतरले, गिरगावात बिऱ्हाड केलं आणि ऑक्टोबरात 'द थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू केलं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत माणसाचे तीनाचे सात भाग झाले. लिंगशरीर, कामरूप, मनस, बुद्धी असे आपले शब्द त्यांना चिकटले. पुनर्जन्म तर पायाच होऊन बसला. आधीच्या विधानाचा रोख वेगळा होता, असा खुलासा बाईंनी मागाहून केला. तो मान्य करायचा तरी एक शंका उरतेच. हजारो वर्षं गुप्तपणे जपलेलं ज्ञान दहा वर्षांच्या आत एवढं कसं बदललं? आणि तेही नेमकं मुंबईचं पाणी लागल्यावर? सात भागांची ही मांडणी सोसायटीतल्याच टी. सुब्बा राव यांना पटली नव्हती. मद्रासचे हे वकील वेदान्तात मुरलेले होते. आपल्या शास्त्रातली चारांची विभागणीच बरी, असं त्यांनी १८८७ च्या सुमारास सोसायटीच्या मासिकातच मांडलं आणि त्यावरून बाईंशी त्यांचं वाजलं.

त्याहून बोलकं उदाहरण लेमुरियाचं. लेमूर नावाच्या माकडासारख्या प्राण्यांचा आढळ मादागास्करमध्ये, आणि त्यांचे जवळचे मानलेले भाईबंद भारतात. मधे अथांग समुद्र. हे कोडं सोडवायला फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये एक बुडालेलं खंड कल्पिलं आणि त्याला लेमुरिया नाव दिलं. खंडं सरकतात हे ठाऊक नसताना हा तर्क वावगा नव्हता. १८८८ च्या 'सीक्रेट डॉक्ट्रिन'मध्ये मात्र याच लेमुरियावर मानवजातीचा 'तिसरा मूळ वंश' नांदताना दिसतो. नाव आपण सोयीसाठी घेतलं, असं बाई म्हणतात. घेतलं असेल. पण पुढे भूशास्त्राला त्या खंडाची गरजच उरली नाही, शास्त्राने ते मोडीत काढलं, आणि 'अतिप्राचीन' ज्ञानात ते तसंच राहिलं. चोवीस वर्षांपूर्वीची चूक हजारो वर्षांच्या पोथीत सापडावी, याचा अर्थ वाचकांनीच लावावा. याच वंशावळीत 'आर्य' पाचवे आणि ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी मागच्या वंशांचे उरलेसुरले अवशेष. आपल्याला वरचा पाट मिळाला म्हणून आपण हे खपवून घ्यायचं का?

'सीक्रेट डॉक्ट्रिन' सगळं ज्यांच्यावर उभं आहे, ते 'झ्यानचे श्लोक' सेन्झार नावाच्या भाषेत असल्याचं सांगतात. ही भाषा कुठल्याही भाषाशास्त्रज्ञाला ठाऊक नाही. उलट, ग्रंथातला बराचसा मजकूर विल्सनच्या १८४० च्या इंग्रजी विष्णुपुराणातून आला असल्याचं विल्यम एमेट कोलमनने दाखवायचा प्रयत्न केला. कोलमन हा बाईंचा उघड वैरी, आणि सगळे पुरावे छापण्याचं वचन त्याने पाळलं नाही, हेही सांगायला हवं. पण ब्रह्मदेवाच्या दिवसाची ४३२ कोटी वर्षं तिबेटातल्या गुहेतून आणायची गरज नव्हती. ती आपल्या पुराणांत उघड छापलेली होती.

बौद्ध धर्माशी जोडलेलं नातंही असंच सैल आहे. सोसायटीतल्याच सिनेट यांचं 'एसोटेरिक बुद्धिझम' १८८३ मध्ये निघालं. दहा वर्षांनी मॅक्सम्युल्लरने त्यावर टीका केली, तिचा गाभा साधा होता: आचार्याची मूठ झाकलेली असते तसं मी काहीच राखून ठेवलेलं नाही, असं पाली ग्रंथांतला बुद्ध आनंदाला निक्षून सांगतो. वज्रयानात गुप्त दीक्षा आहेत हे खरं. बाई ज्यांना 'क्यु-ते' म्हणतात ते ग्रंथ म्हणजे तिबेटी तंत्रग्रंथच, हेही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. पण त्यांत झ्यानचे श्लोक कुणाला मिळालेले नाहीत.

इथल्या जाणत्यांना हे तेव्हाच खटकलं होतं. १८७८ मध्ये सोसायटीने स्वतःला आर्य समाजाशी जोडून घेतलं. १८८० मध्ये सिलोनात गॉलला दोघा संस्थापकांनी पंचशील घेतलं. १८८२ मध्ये स्वामी दयानंदांनी मुंबईतच जाहीरपणे संबंध तोडले. स्वामींना वेद प्रमाण होते आणि ईश्वर हवा होता. सगळ्या धर्मांचं एकच मूळ म्हणायचं आणि त्या त्या धर्माच्या माणसाला तो जे मानतो ते गौण आहे असं सांगायचं, हे फार दिवस चालणारं नव्हतं.

सोसायटीचं श्रेय मी नाकारत नाही. ऑल्कॉट यांनी सिलोनात बौद्ध शाळा उभ्या करायला हातभार लावला. १८८९ मध्ये लंडनमध्ये दोघा थिऑसफिस्टांनी गीता एकत्र वाचू म्हटल्यावर, आपण ती मुळात वाचलेलीच नाही याची गांधीजींना लाज वाटली. आणि ज्यांनी 'जातिभेद विवेकसार' लिहिलं, ज्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली, ते आपले तुकाराम तात्या पडवळ मुंबईच्या सोसायटीचे खंदे कार्यकर्ते होते. तुकोबांची गाथा छापणारे तेच. लेखकाने या माणसाला एक ओळही दिली नाही, याचं मला महात्म्यांच्या पत्रांपेक्षा जास्त वाईट वाटलं. ही कामं खरी आहेत आणि त्यांना प्राचीनतेचा टेकू लागत नाही. गोऱ्या माणसाने आपल्या पुराणांना शाबासकी दिली याचं १८८० मध्ये पारतंत्र्यातल्या लोकांना अप्रूप वाटलं, हे समजू शकतं. आज त्याच शाबासकीचा पुरावा म्हणून वापर करणं मला समजत नाही.

ऑल्कॉट यांनी १८८६ मध्ये स्थापलेल्या अड्यारच्या ग्रंथालयात ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, आणि तिथल्या पंडितांनी त्यांतल्या कित्येक पोथ्या पाठभेदांसह छापल्या आहेत. झ्यानच्या श्लोकांची पोथी त्यांत असेल, तर लेखकाने तिच्या एका पानाचं छायाचित्र आपल्या पुढच्या अंकात अवश्य छापायला द्यावं.

आपला,
एक वाचक, पुणे